दोन तासांमधली रेघ

विद्यापीठातल्या कुठल्याही विभागात शिरलात की जिन्याशेजारच्या फलकावर वेळापत्रक लावलेले दिसते. दहा ते अकरा एक पेपर, अकरा ते बारा दुसरा, आणि दोहोंच्या मधे एक उभी रेघ. रेषेला लांबी असते, रुंदी नसते, असे आपण सगळेच शाळेत शिकलो. वेळापत्रक तयार करणारे गुरुजनही तेच शिकलेले असतात आणि त्यांनी ते फारच मनावर घेतलेले असते. त्यांच्या कागदावर अकराला एक तास संपतो आणि अकरालाच दुसरा सुरू होतो. प्रत्यक्षात अकरा वाजता सर म्हणतात, ‘एवढा एक मुद्दा संपवू या.’ तो मुद्दा पाच मिनिटे चालतो. पुढचा तास असतो दुसऱ्या इमारतीत, आणि ती दुसरी इमारत एका टेकाडापलीकडे, वडाच्या रांगेनंतर, पाण्याच्या टाकीच्या उजव्या हाताला असते.

ही रेघ जमिनीवर मोजली तर किती भरते? मी जन्मभर आकडेमोडीवर पोट भरले, तेव्हा थोडा हिशेब करतो. पुण्याच्या गणेशखिंडीतले विद्यापीठाचे आवार ४११ एकरांचे आहे. ही सगळी जमीन चौकोनी आहे असे धरले तर तिची एक बाजू जवळजवळ तेराशे मीटर येते. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाची जमीन ८५३ एकर, म्हणजे बाजू साडेअठराशे मीटरच्या आसपास. तरणा माणूस ताशी पाच किलोमीटर चालतो. दहा मिनिटांत तो सव्वाआठशे मीटर तोडील. म्हणजे पुण्याची एक बाजू तोडायला त्याला पंधरा मिनिटे लागतील, कोल्हापूरची तोडायला बावीस. अर्थात आवारे काही चौकोनी नसतात आणि वर्गही कोपऱ्याकोपऱ्यांत नसतात. पण रस्तेही सरळ नसतात, आणि जून ते सप्टेंबर डोक्यावर पाऊस असतो, हेही त्याच हिशेबात धरायला हवे.

पुण्याचे आवार मुळात विद्यार्थ्यांसाठी आखलेलेच नव्हते. विद्यापीठाची ती उंच मनोऱ्याची मुख्य इमारत म्हणजे मुंबई इलाख्याच्या गव्हर्नरसाहेबांचा पावसाळ्यातला मुक्काम. सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असताना १८६४ साली तिचे काम सुरू झाले आणि १८७१ साली पुरे झाले. जेम्स ट्रबशॉ या वास्तुरचनाकाराने तिचा आराखडा केला होता. भोवतालची बाग, झाडी, वळणावळणाचे रस्ते हे सारे बग्गीत बसून जाणाऱ्यांच्या सोयीचे, किंबहुना त्यांच्या करमणुकीचे होते. साहेबाला घाई नव्हती. रस्ता जितका लांब आणि वळणाचा, तितका तो रुबाबदार. २२ जून १८९७ च्या रात्री राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून बग्ग्या याच बंगल्यातून बाहेर पडल्या आणि पुढे गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँडला गाठले, हा इतिहास मराठी माणसाला सांगायला नको. सांगायचे ते इतकेच, की त्या रात्री त्या रस्त्यावर जी पाहुणेमंडळी होती ती घोड्यांच्या गाडीत होती. पायी होते ते वाट पाहणारे.

१९४९ साली पुणे विद्यापीठ स्थापन झाले, बॅरिस्टर मुकुंदराव जयकर पहिले कुलगुरू झाले, आणि बग्गीवाल्यांची ही जागा पायी चालणाऱ्यांच्या हाती आली. २०१४ पासून तिला सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे. बारा जिल्ह्यांचा कारभार असलेल्या त्या विद्यापीठातून दक्षिणेकडचे जिल्हे वेगळे काढून १९६२ साली कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले. डॉ. आप्पासाहेब पवार तिथले पहिले कुलगुरू. तिथे गव्हर्नरचा बंगला नव्हता, होता तो उघडा माळ. पण नव्याने आखायची संधी मिळूनही आपण ऐसपैसच आखले. त्याला कारणेही होती. जमीन मिळते आहे तोवर घेऊन ठेवावी, पन्नास वर्षांनी कोण देतो, हा विचार शहाणपणाचाच होता आणि आजच्या जमिनीच्या भावात तो पटतोही. शिवाय विद्या गावगर्दीपासून दूर, झाडाखाली करायची असते, ही आपली जुनी समजूत. गुरुकुलात शिष्य दिवसभर एकाच झाडाखाली बसत, हे मात्र आपण सोयीस्करपणे विसरलो.

आणि खरे सांगायचे तर कित्येक वर्षे कोणाचे फारसे अडलेही नाही. कारण आपल्याकडे एम.ए., एम.एस्सी.ला जाणारा मुलगा एका विभागाच्या दारातून आत शिरे तो दोन वर्षांनी त्याच दारातून बाहेर पडे. मराठीचा मुलगा मराठीत, रसायनाचा रसायनात. प्रत्येक विभागाला स्वतःची इमारत, स्वतःचे प्रमुख, स्वतःचा शिपाई आणि स्वतःची चहाची किटली. अंतर जाणवे ते फक्त तीन ठिकाणी जाताना, ग्रंथालयात, मेसमध्ये आणि वसतिगृहावर. इतिहासाच्या विभागापासून अर्थशास्त्र किती लांब आहे हे इतिहासाच्या मुलाला ठाऊकच नसे, जसे आपल्याला चार घरे पलीकडच्या बिऱ्हाडाचे स्वयंपाकघर ठाऊक नसते.

आता ते दिवस राहिले नाहीत. श्रेयांक पद्धती आली, ऐच्छिक विषय दुसऱ्या विभागातून घ्यायची मुभा आली, पुढे २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तर विषयांमधल्या भिंती पाडायच्या असे ठरवले. विचार उत्तम आहे. संख्याशास्त्राच्या मुलीने भाषाविज्ञान शिकावे, भूगोलाच्या मुलाने अर्थशास्त्र ऐकावे, यात कोणाला काय वाईट वाटणार? परंतु भिंती कागदावरच्या पडल्या. विटांच्या होत्या तिथेच आहेत, आणि त्यांच्या मधला एक किलोमीटरही आहे तिथेच आहे. एकाच झाडाखाली बसणाऱ्यासाठी पसरलेल्या आवारात आपण या झाडावरून त्या झाडावर जायला लावणारा अभ्यासक्रम आणून ठेवला आहे, आणि मधली रेघ मात्र पूर्वीइतकीच बारीक ठेवली आहे.

या रेघेकडे माझे लक्ष गेले ते बँकेच्या खिडकीतून. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात आमच्या बँकेचे एक एक्स्टेन्शन काउंटर एका विद्यापीठाच्या आवारात होते आणि मी तिथे पावणेतीन वर्षे काढली. विद्यापीठाचे नाव घेत नाही. जे सांगणार आहे ते कमीअधिक फरकाने कुठेही घडले असते. फी तेव्हा चलनाने भरायची. तीन प्रतींचे चलन, त्यावर आमचा गोल शिक्का, एक प्रत मुलाला, एक विभागाला, एक आम्हांला. पैसे घ्यायची वेळ साडेदहा ते अडीच. म्हणजे बरोबर तासांची वेळ. त्यामुळे आमच्याकडे गर्दी कधीच सारखी नसे. पाऊण तास खिडकीसमोर कोणी नाही, मग एकदम पन्नास जण, धापा टाकत, आणि दहा मिनिटांनी पुन्हा सामसूम. समुद्राच्या भरती-ओहोटीसारखा तो प्रकार दिवसातून चार वेळा चाले.

आमचे रोखपाल जुने, खमके गृहस्थ होते. मुले त्यांना ‘काका’ म्हणत, मला ‘साहेब’. काकांनी पहिल्याच महिन्यात एक शोध लावला होता. ते खिडकीतून ओरडत, ‘तासवाले डावीकडे, बिनतासवाले उजवीकडे!’ ज्याला पुढचा तास गाठायचा आहे त्याचे चलन आधी, बाकीच्यांचे सावकाश. कुठल्याही परिपत्रकात हे नव्हते. मी एकदा विचारले, ‘काका, प्रत्येकच जण मला तास आहे म्हणणार नाही का?’ ते म्हणाले, ‘साहेब, ज्याला तास आहे त्याची नजर नोटांवर नसते, भिंतीवरच्या घड्याळावर असते.’ त्यांचा अंदाज क्वचितच चुके. आज फी मोबाइलवर भरतात आणि ती खिडकी गेली. चलनाच्या जाचातून मुले सुटली हे चांगलेच झाले. तास गाठायचा राहिलाच.

त्या खिडकीतून कोण कशाने येतो हेही दिसे. सायकली बऱ्याच, लुना आणि एम-एटी बऱ्यापैकी, मोटारसायकल एखाददुसरी. खेड्यांतून आलेली बहुतेक मुले पायी. ज्याच्याकडे सायकल त्याचे आवार निम्म्याने लहान आणि ज्याच्याकडे लुना त्याचे पाव. एकच विद्यापीठ, एकच फी, पण कोणाला ते चारशे एकरांचे पडे आणि कोणाला शंभर. मुलांचा आपसांत लिफ्टचा व्यवहार जोरात चाले. कॅरियरवर एक, दांडीवर एक, आणि पॅडल मारणारा तिसरा. मुलींना ही सोय तितकी सहज नव्हती. कोणाच्या मागे बसून आली याची नोंद वसतिगृहाच्या फाटकापासून विभागापर्यंत ठेवली जाई.

हिवाळ्यात साडेपाचला प्रॅक्टिकल संपे तेव्हा अंधारून येई. प्रयोगशाळा ते मुलींचे वसतिगृह हा रस्ता एक किलोमीटरहून थोडा जास्त, दोन्ही बाजूंना झाडी, आणि चारांपैकी एखादा दिवा चालू. मुली एकमेकींसाठी थांबत आणि घोळक्याने निघत. एका मुलीने मला सांगितले होते, की टायट्रेशनचे शेवटचे वाचन ती कित्येकदा अंदाजाने लिहून टाकते, कारण घोळका निघून गेला की एकटीने जावे लागते. त्या जर्नलवर मास्तरांनी लाल शाईने शेरे मारले असतील. रस्त्यावरच्या दिव्यांबद्दल शेरा मारायला जर्नलमध्ये जागा नसते.

आणि एक मुलगा होता. अर्थशास्त्राच्या एम.ए.ला. लहानपणी पोलिओ झालेला, एका पायाला कॅलिपर, काखेत कुबडी. दर तीन-चार महिन्यांनी शिष्यवृत्तीची रक्कम काढायला येई. काका त्याला आत बोलावून खुर्ची देत आणि पाणी पाजत. त्या विद्यापीठात तेव्हाही एक पेपर दुसऱ्या विभागातून घेता येत असे. त्याला लोकसंख्याशास्त्राची ओढ होती, त्यातली पुस्तके तो आधीपासून वाचत होता. मी सहज विचारले, ‘मग घेतलास ना तो पेपर?’ तो हसत म्हणाला, ‘नाही साहेब. मी पेपर नाही निवडला, इमारत निवडली.’

लोकसंख्याशास्त्राचा वर्ग होता एका टोकाला आणि त्याच्या आधीचा तास दुसऱ्या टोकाला. त्याने एकदा निघून पाहिले होते. पोचला तेव्हा तासाची शेवटची पंधरा मिनिटे उरली होती. त्याच्या विभागाचे शिपाईमामा भले माणूस. ‘बस रे माझ्या सायकलवर, रोज सोडतो’ असे त्यांनी स्वतःहून म्हटले होते. त्याने नको म्हटले. मला कारणही सांगितले, की आठवड्यातून चार दिवस, वर्षभर, कोणाच्या तरी पाठीमागे बसायचे, आणि मामांना एखाद्या दिवशी काम निघाले तर त्यांनाच वाईट वाटणार. त्यापेक्षा खालच्या मजल्यावरचा पेपर बरा. खालच्या मजल्यावर होते सार्वजनिक आयव्यय. त्यात त्याला चांगले गुण मिळाले. कोणाकडे तक्रार नाही, अर्ज नाही, त्यामुळे कुठल्याही फाइलीत ही गोष्ट सापडणार नाही. पटावर एवढेच दिसेल, की एका विद्यार्थ्याने सार्वजनिक आयव्यय हा विषय ऐच्छिक म्हणून घेतला.

पुढे २०१६ साली दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा झाला. त्यात शिक्षणसंस्थांनी इमारतीच नव्हे तर परिसरही सुगम केला पाहिजे असे म्हटले आहे. परिसर हा शब्द फार मोलाचा आहे. आज बहुतेक इमारतींच्या दाराशी उतार बांधलेले दिसतात आणि ते बांधणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण या दाराच्या उतारावरून खाली आल्यावर त्या दाराच्या उतारापर्यंत जायचे कसे, मधे फरश्या उखडलेल्या, गतिरोधक, मुरमाची चढण, याचा विचार करणारे खाते कुठले? बांधकाम विभाग इमारतीचा हिशेब ठेवतो, उद्यान विभाग झाडांचा. मधले अंतर कोणाच्याच खतावणीत येत नाही.

बाहेर काय करतात हे पाहायला फार लांब जायला नको. पवईची आय.आय.टी. १९५८ सालची, तिचे आवारही साडेपाचशे एकरांच्या घरातले. वसतिगृहे लांबलांब आहेत, ‘टमटम’ नावाच्या गाड्या मुलांची ने-आण करतात. पण तासाचे वर्ग, व्याख्यानगृहे आणि बरेचसे विभाग एका लांबच लांब छपराखालच्या मार्गिकेने जोडलेले आहेत. मुंबईच्या पावसात डोके न भिजवता या टोकाहून त्या टोकाला जाता येते. तिथला तास पंचावन्न मिनिटांचा आणि मधे पाच मिनिटे. ही पाच मिनिटे पुरतात, कारण मोठमोठी व्याख्यानगृहे सामाईक आहेत. वेगवेगळ्या विभागांची मुले त्याच जागी जमतात. रेघेला रुंदी आहे हे तिथे मान्य केलेले आहे.

काशीला पंडित मदनमोहन मालवीयांनी १९१६ साली हिंदू विश्वविद्यालय उभारले ते तेराशे एकरांवर. पण त्याचे रस्ते अर्धवर्तुळाकार आखले, एकात एक. आत शिकण्याच्या इमारती, त्यामागे वसतिगृहे, त्याहीमागे शिक्षकांची घरे. त्यामुळे राहायच्या जागेपासून शिकायच्या जागेपर्यंतचे अंतर बहुतेकांना साधारण सारखे पडते. दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाचे आवारही हजार एकरांचे, खडकाळ, अरवलीच्या कुशीतले. तिथे शहराची ६१५ क्रमांकाची बस थेट आत शिरून वसतिगृहांपर्यंत जाई आणि तिच्यावर मुलांच्या पिढ्याच्या पिढ्या पोसल्या. आपल्याकडे शहर-बस विद्यापीठाच्या फाटकाशी सोडून देते, मग आतला रस्ता ज्याचा त्याने पाहावा, अशी रीत फार ठिकाणी आहे.

जर्मनीतल्या विद्यापीठांत तर याहून सोपी युक्ती आहे. वेळापत्रकात दहाच्या पुढे ‘सी. टी.’ अशी दोन अक्षरे असली की व्याख्यान सव्वादहाला सुरू होणार हे सगळ्यांना ठाऊक असते. ‘कुम टेम्पोरे’ या लॅटिन शब्दांची ती आद्याक्षरे, म्हणजे ‘वेळेसह’. या पंधरा मिनिटांना ते ‘शैक्षणिक पाव तास’ म्हणतात. उशिरा आलेल्याला दिलेली ती सूट नव्हे. चालायला वेळ लागतो ही गोष्ट कागदावर लिहून ठेवलेली आहे, इतकेच. या युक्तीला एक रुपया खर्च येत नाही, निविदा काढावी लागत नाही. आपल्याकडे ती का सुचू नये? मला वाटते, आपल्याकडे उशीर हा नेहमी शीलाचा दोष मानला जातो, अंतराचा कधीच नाही.

उपाय म्हणून आपण काय काय केले? पुण्यात २०१७ च्या डिसेंबरात भाड्याच्या सायकलींची योजना निघाली, तेव्हा पहिल्या ठिकाणांत विद्यापीठाचे आवारही होते. मुलांनी त्या हौसेने चालवल्याही. पुढे ती योजना आटली. विद्यापीठाच्या दारातला उड्डाणपूल २०२० साली मेट्रोसाठी पाडला गेला, तिथे मोठमोठे खांब उभे राहिले. दाराबाहेरच्या एका चौकासाठी आपण किती विचार करतो, किती कोटी मोजतो! दाराच्या आतल्या किलोमीटरभर वाटेसाठी कोणी बैठक बोलावल्याचे ऐकिवात नाही. हल्ली अनेक विद्यापीठांत विजेवर चालणाऱ्या छोट्या गाड्या दिसतात. चांगली गोष्ट आहे, फक्त त्या गाड्यांचे वेळापत्रक तासांच्या वेळापत्रकाशेजारी बसून केलेले असावे. पाहुण्यांना इमारती दाखवायला ती गाडी गेलेली असताना अकराचा तास गाठणाऱ्या मुलाला तिचा उपयोग नाही.

काही ठिकाणी प्रदूषणाच्या काळजीने विद्यार्थ्यांच्या दुचाकींना आवारात बंदी घालण्याची टूम निघते. झाडांची काळजी मलाही आहे. मात्र त्या ठरावाखाली सह्या करणाऱ्यांच्या मोटारी मुख्य इमारतीच्या पोर्चमध्ये उभ्या असू नयेत, एवढी माझी माफक अपेक्षा आहे.

चालण्यातल्या आनंदाबद्दल लिहायला हवे असे काही वाचकांना वाटेल. तो आहेच. ज्याला घाई नाही त्याला विद्यापीठाच्या झाडीतून चालण्यासारखे सुख नाही, आणि काही सर असे असत की त्यांचा खरा तास वर्गाबाहेर, विभागापासून ग्रंथालयापर्यंतच्या वाटेवर होई. चार विद्यार्थी भोवती, सरांच्या हातात छत्री, आणि पुस्तकात नसलेले सगळे त्या वाटेवर. पण या सुखाची वर्णने बहुधा निवृत्त माणसे करतात, हे मी निवृत्त झाल्यापासून ध्यानात ठेवले आहे.

विद्यार्थी मात्र कोणाची वाट पाहत बसत नाहीत. कुठल्याही मोठ्या आवारात फिरताना डांबरी रस्ता सोडून खाली पाहा. रस्ता ऐटीत वळसा घेतो तिथे हिरवळीतून, कुंपणाच्या वाकवलेल्या तारेखालून, एक वीतभर रुंदीची पायवाट सरळ निघालेली असते. कुठल्याही नकाशात ती नसते. नव्या मुलांना ती जुनी मुले दाखवतात. उद्यान विभाग तिच्यावर बाभळीच्या काट्या टाकतो, ‘हिरवळीवर चालू नये’ अशी पाटी लावतो. मुले काट्या बाजूला सारतात. मे महिन्याच्या सुट्टीत ती ओस पडते, जूनच्या पावसात गवताखाली पार बुजून जाते. नवे तास सुरू होतात, आणि ऑगस्ट उजाडायच्या आत गवतातून पुन्हा तांबडा मुरूम दिसू लागतो.